बारा-बारा रोपं

चांगुणाकाकू फोनवर म्हणाली, "भेंडीवर केवडा आलाय."
मला आधी वास आला.
मग दिसलं पिवळं जाळं,
शीर न् शीर हळदीत बुडवलेली,
आणि शेंग फिकट, राठ,
मार्केट यार्डात जिला कुणी हात लावत नाही.

आमच्याकडे केवडा, आणखी कुठे हळद्या.
शिवाजीनगरच्या लॅबमध्ये नुसता नंबर,
डबीच्या झाकणावर, निळ्या मार्करने.

मी पानं आणली मांजरीची, सासवडची, मंचरची.
एसटीत मांडीवर बर्फाचा डबा.
शेजारची बाई म्हणाली, "मासे का?"
"पानं."
"बर्फात?"
"आजारी आहेत."
ती थोडी सरकून बसली.

सत्तावीसशेच्या आसपास अक्षरं, एका वर्तुळात,
सुरुवात नाही, पूर्णविराम नाही.
मांजरी आणि सासवड जवळजवळ सारखे.
मंचरमध्ये एकवीस जागी अक्षर निराळं.
बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात.
मंचर इथून वीसएक कोस.

मीही तिथलीच.
पहिल्या सेमिनारला म्हणाले होते,
"रोपांना सकाळी पानी दिलं,"
आणि मागच्या बाकावर कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.
मेहेंदळे मॅडम चष्मा वर सारून फक्त "पाणी" म्हणाल्या.
रागावल्या नाहीत. दुरुस्त केलं.
तेव्हापासून मी जीभ आधी टाळूला लावून बघते
आणि मग तोंड उघडते.

विषाणूच्या मागे असं कुणी बसलेलं नसतं.
नक्कल करताना हात घसरतो, घसरू देतात.
घसरलेलं बहुतेक जागीच मरतं.
एखादं तगतं.

बारा-बारा रोपं, जाळीच्या पिंजऱ्यात.
प्रत्येकावर दहा पांढऱ्या माश्या,
राजगिऱ्याच्या दाण्याएवढ्या, पीठ लावल्यासारख्या,
नळीने श्वास ओढून पकडलेल्या.
जोरात ओढलं की माशी मरते.
तेवढा हलका श्वास शिकायला मला दोन महिने लागले.

वाण तेच, ज्याच्या पाकिटावर
ठळक अक्षरात छापलंय: केवड्याला दाद देत नाही.

अकराव्या दिवशी काही नाही.
सोळाव्या दिवशी मांजरी शून्य,
सासवड एक, तेही शंकास्पद.
मंचर नऊ.
मॅडम म्हणाल्या, "पुन्हा करा."
पुन्हा केलं. दहा.

मोठ्या वर्तुळासोबत एक अर्ध्या मापाचं फिरतं,
उपग्रह म्हणतात त्याला.
तो नसला तर पान जरासं मुरडतं, बस्स.
तो आला की सगळं पिवळं.
मंचरचा उपग्रह भेंडीचा वाटेना,
बांधापलीकडच्या मिरचीतला असावा.
शेजारून चमचाभर विरजण आणावं
आणि सकाळी पातेलंच्या पातेलं लागलेलं असावं, तसं.

"ह्याला नाव द्यावं लागेल," मॅडम म्हणाल्या,
"गावाचंच द्या."
मी डबीवर मंचर लिहिलं
आणि पोटात काहीतरी हललं,
अभिमानासारखं. लगेच लाजही वाटली,
काकूचं अर्धं रान पिवळं होतं.

संध्याकाळी फोन केला. हे बियाणं सोडा, म्हटलं,
कडेने मका दाट लावा, पिवळी रोपं दिसली की उपटा.
ती ऐकत होती.
मग विचारलं, "त्याला कसं कळलं गं,
ह्ये बियानं दाद देत न्हाई म्हून?"

"त्याला काय बी कळत न्हाई, काकू.
चुकत-चुकत कुठंतरी लागतं."

न्हाई.
निसटलंच.
मॅडम शेजारी पिपेट भरत होत्या.
त्यांनी चष्मा वर सारला, माझ्याकडे पाहिलं,
आणि पुढची नळी घेतली.

जाळीघराला दोन दारं आहेत.
एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.
मधल्या हातभर अंधारात
मी रोज उभी राहते,
बाह्या झटकते, कॉलर, वेणी.
एखादी असतेच.